येळवस शेतातच: चुलीवरच्या स्वयंपाकाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज ठरलं. यंदाच्या येळवशीचा सगळा स्वयंपाक शेतात करायचा, चुलीवर. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पांडवांना नैवेद्य दाखवून तिथेच जेवायचा सण; ती अमावस्या ३० तारखेला, सोमवारी आहे. नाताळच्या सुट्टीमुळे पुण्याची आत्या, हैदराबादचे काका आणि सगळ्यांची पोरं येणार. चाळीसेक पानं होतील.

आजवरचा घरचा रिवाज असा: आदल्या रात्रीपासून सोलापूरच्या घरात गॅसच्या शेगड्या पेटायच्या, पहाटे भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली भाजी), खीर, उंडे (बाजरीचे वाफवलेले गोळे) डब्यांत भरायचे आणि टेम्पोने बोरामणीच्या अलीकडच्या शेतात न्यायचे. आंबिलाचं, म्हणजे ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचं, बिंदगं तेवढं काकूच्या मांडीवर. शेतात पोचेस्तोवर भज्जी घट्ट होऊन बसलेली. पांडवांना नैवेद्य गार आणि घरातल्या बायका रात्रभराच्या जागरणाने पेंगुळलेल्या. सण सगळ्यांचा असेल तर तो बायकांचाही व्हायला हवा, हे मी आज सगळ्यांसमोर बोलले. तात्या म्हणाले, "मग शेतातच चूल पेटवू. पण जमेल का ते आईला विचार."

आजीने एकच विचारलं, "जाळ कोण घालणार?"

आम्ही पदार्थांची यादी करत होतो, ती विस्तवाची करत होती. तिच्या तोंडून लिहून घेतलं. भज्जीला मध्यम, एकसारखा जाळ. खिरीला मंद, पण पहाटेपासून. भाकरीला तव्याखाली चढता जाळ आणि चुलीच्या तोंडाशी फुललेला आर, म्हणजे निखारे. उंड्यांना नुसती वाफ. हुरड्याला जाळ नकोच, गोवऱ्यांचा विस्तव. म्हणजे एका चुलीने भागत नाही. चार तऱ्हेचे विस्तव एकाच वेळी राखायचे, आणि प्रत्येकापाशी एक माणूस.

८ डिसेंबर, रविवार

जागा बघून आलो: मी, दादा आणि तात्या. थंडीत आमच्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतो. कडब्याची गंज आणि वाळत आलेली तूर वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहावी, आणि ठिणगी उडालीच तर नांगरलेल्या रानात पडावी, अशी जागा हवी होती. विहिरीच्या पलीकडे ती मिळाली. तिथलं वाळलं गवत तात्यांनी लगेच काढायला लावलं.

मातीवर बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आमचं रान काळं, भारी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणाने. तिची चूल घातली तर पहिल्या जाळालाच तडकते. आजीने बजावून पाठवलं होतं, "चुलीला पांढरी आणा." गावातल्या जुन्या वस्तीची, माळवदावर टाकतात ती माती. शेजारच्या पाटलांच्या पडक्या भिंतीची मिळाली, त्यांना विचारूनच दोन पोती भरली. चाळली, त्यात शेण आणि गव्हाचा भुसा मिसळला, पाणी घालून दादाने पायांनी तुडवली आणि ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवली. भुशाच्या काड्या माती धरून ठेवतात, म्हणून वाळताना तडा लांबत जात नाही.

दगड बांधावरचे घेतले, वर्षभर उन्हात पडलेले. नदीतले गोटे दिसायला छान, पण त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फटकन फुटतो. चुलीपाशी पोरं बसणार आहेत, तेव्हा गोटा एकही नको.

१२ डिसेंबर, गुरुवार

जळणाची नोंद.

बाभूळ: गेल्या वर्षी तोडलेली, आत ओल नाही. सावकाश जळते, आर चांगला धरते. खीर आणि भज्जी हिच्यावर.

वेडी बाभूळ: सोलापुरात ओढ्याकाठी, पडीक रानात हवी तेवढी. ताकदीने जळते, कोळसाही चांगला पडतो. काटे मात्र वाईट, म्हणून साळून घ्यायला सांगितली.

तुराट्या: क्षणात पेटतात, क्षणात विझतात. भाकरीला जाळ चढवायला आणि फोडणीला.

गोवऱ्या: दोन पाट्या हुरड्याला, एक वरकड.

कडुलिंबाच्या फांद्या तात्यांनी बाजूला काढल्या. त्याच्या धुराचा कडूपणा भाकरीला लागतो, असं त्यांचं म्हणणं. कण्हेर आणि रुई जळणात चुकूनही येऊ द्यायची नाही. दोन्ही विषारी. बांधावर कण्हेर आहे, म्हणून मोळ्या बांधणाऱ्या पोरांना ते झाड नेऊन दाखवलं.

१५ डिसेंबर, रविवार

चूल घातली. आजी खुर्चीवर, आम्ही मातीत.

दोन तोंडांची चूल भाकरीसाठी: पुढे तवा, मागे वैलावर डाळ नाहीतर पाणी. पुढचा जाळ मागे खेचला जातो आणि त्यावरच वैल तापतं, वेगळं लाकूड लागत नाही. हातभर बाजूला भज्जीसाठी चर: सहा फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर खोल. त्याचं तोंड वाऱ्याला अगदी समोर न ठेवता किंचित तिरकं ठेवलं. समोर ठेवलं तर वारा जाळ पार पलीकडे काढून देतो आणि पातेल्याचं बूड गारच राहतं. पाठ केली तर धूर कोंडतो. तिसरी, खिरीची, नुसत्या तीन दगडांची. उंडे वैलावर वाफवायचे.

मला सगळ्यात आवडलं ते आजीचं शेवटचं काम. खुर्चीवरून उतरून ती खाली बसली आणि ओल्या चुलीच्या तिन्ही टोणप्यांवर, म्हणजे भांडं टेकायच्या उंचवट्यांवर, एकेक करून अंगठा दाबत गेली. जिथे अंगठा जास्त रुतला तिथली माती काढून पुन्हा भरायला लावली. मग पाण्याचा हात फिरवला, आतून बाहेर, एकाच दिशेने. भांडं टेकतं ती जागा तिने बोटाने इतकी एकसारखी केली की रिकामं पातेलं ठेवून फिरवलं तरी डुगडुगलं नाही. "उकळतं पातेलं कलंडलं तर दोष पातेल्याचा नसतो," एवढंच म्हणाली. वहिनीने या सगळ्याचं चित्रण करून ठेवलंय. ते जपून ठेवायचं आहे.

आठवडाभर सावलीत वाळू द्यायची. उन्हात घाईने वाळवली तर वरून कडक होते आणि आत ओल राहते.

२२ डिसेंबर, रविवार

पहिला जाळ. आधी तासभर नुसत्या तुराट्या, अगदी बारीक जाळ, चूल शेकून घ्यायला. मग बाभूळ. वैलाच्या मागच्या कडेला एक केसाएवढी चीर आली, ती तिथल्या तिथे पांढऱ्या चिखलाने लिंपली.

भाकरीची रंगीत तालीम मोठ्या काकूने केली. ज्वारी मालदांडी, घरचीच. मालदांडी ३५-१ ही मोहोळला निवडलेली जुनी जात. कोरडवाहू रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर येते आणि भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही. पुढच्या खेपेला मंगळवेढ्याची आणून बघायची आहे. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

पीठ आदल्या दिवशीच दळलेलं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ शिळं झालं की विरी, म्हणजे पिठाची धरून राहायची ताकद, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. ताजं पीठ आणि कढत पाणी, दोन्ही हवं. कढत पाण्याने पीठ थोडं शिजतं आणि धरून येतं. काकूने काठवटीत पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळलं, उंडा फिरवत थापला. तव्यावर टाकायच्या आधी पिठाची चिमूट तव्यावर भुरभुरली. पीठ लगेच काळं पडलं, म्हणून लाकूड एक वीत मागे ओढलं. दुसरी चिमूट हळूहळू तांबूस झाली, तेव्हा भाकरी टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी आटायच्या आत उलटली, आणि मग तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी आराला टेकवून उभी केली. आधी एका कडेला फुगवटा आला, तो सरकत मधे गेला आणि भाकरी टम्म झाली. पापुद्रा कागदासारखा सुटला.

शहरात वाढलेल्या आमच्या पिढीला हे हातात यायला वेळ लागणार. त्या दिवशी भाकरीवर मोठी काकू आणि वहिनी, दोघीच. बाकीच्यांनी थापायला बसायचं ते पंगत उठल्यावर, शिकायला.

दादाला जाळाचं काम मनापासून आवडलंय. लाकडं दाटीने कोंबली की धूर होतो. दोन लाकडांत बोटभर फट राहिली तर हवा खेळते आणि जाळ स्वच्छ निघतो. त्याने जाळ कमी करायला पाणी मारणं बंद करून लाकूड मागे ओढणं धरलं, तेव्हा आजी त्याच्याकडे बघून हसली. पाण्याने राख उडून अन्नात जाते आणि चूलही तडकते.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. कुंभारवाड्यातून आंबिलासाठी मातीची केळी (छोटी घागर) आणि दुधासाठी बोळकं आणलं. केळी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची.

हुरड्याची पाहणी. तात्यांनी बांधालगत चार तासं (ओळी) गूळभेंडी ज्वारी पेरली होती, घरच्या खाण्यापुरती. मालदांडीचा दाणा हुरड्यात असताना कोंड्यातून सहज सुटत नाही. गूळभेंडी, सुरती, कुचकुची या जाती हुरड्याच्याच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले उत्तरा आणि फुले मधुर याही त्यासाठीच. दाणा नखाने दाबला. दूध उडालं तर आठवडा थांबायचं. नख रुततं पण दूध येत नाही, मऊ पिठूळ लागतं, तो हुरडा. त्यानंतर दाण्यातल्या साखरेचा पिठूळ भाग होतो आणि गोडी जाते. वरच्या अंगाची कणसं तयार आहेत, खालची अजून दुधात. रविवारला बरोबर साधेल.

२८ डिसेंबर, शनिवार

पाहुणे येऊ लागले. घर भरलं.

आंबिल घातलं: ज्वारीचं पीठ ताकात कालवून केळीत. थंडीत आंबायला वेळ लागतो, म्हणून केळी शेतातल्या चुलीच्या कोमट राखेजवळ ठेवली. लसूण, आलं, जिरं आणि मीठ सोमवारी सकाळी. खपली गहू ओलवून कांडले, पाखडले, भिजत टाकले.

भज्जीचा बाजार: तुरीच्या ओल्या शेंगा, वाल, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे हे घरचं आणि शेजारचं. मेथी, चाकवत, पातीचा कांदा, गाजर, वांगी मंडईतून. बोरं आणि ओल्या शेंगा पोरांनी आणल्या. सोलायला अंगणात सगळेच बसले. हैदराबादच्या काकांनी एकट्याने तुरीचं अर्धं टोपलं सोललं आणि त्यांच्या लहानपणीच्या येळवशीच्या गोष्टी सांगितल्या, त्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

२९ डिसेंबर, रविवार

हुरडा. दुपारी चारला आगटी पेटवली. हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या उभ्या रचल्या. धूर पूर्ण जाईपर्यंत कणीस आत घालायचं नाही, नाहीतर शेणाच्या धुराचा वास दाण्यात बसतो. गोवऱ्या आतून लाल आणि वरून राखाडी झाल्यावर कणसं दांड्यासकट त्या विस्तवात खुपसली, दांडा बाहेर. तडतड सुरू झाली की फिरवायची. कणसं त्याच वेळी तोडून आणली होती. तोडून ठेवलेल्या कणसाची गोडी तासातासाने उतरते, म्हणून पोरांची एक तुकडी रानात आणि एक आगटीपाशी.

चोळायचं काम तात्यांचं. गरम कणीस दोन तळहातांत धरून असं रगडतात की दाणा फुटत नाही, फक्त निसटतो. मग फुंकर, आणि हिरवा वाफाळता दाणा थेट समोरच्याच्या ओंजळीत. हुरडा ताटात वाढून ठेवायचा पदार्थ नाही. गार झाला की चिवट होतो. बरोबर शेंगांची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. दही, गूळ, बोरं. पुण्याच्या आत्याची नात तिखट खात नाही, पण चटणीला नाही म्हणाली नाही.

रात्री आगटी बुजवताना आधी पाणी, मग माती, मग पुन्हा पाणी. गोवरीचा विस्तव राखेखाली रात्रभर जिवंत राहतो.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

पहाटे पाच: दादाने आणि माझ्या नवऱ्याने तिन्ही चुली पेटवल्या. जाळाची पाळी पुरुषांनी घ्यायची हे महिनाभर आधीच ठरलं होतं आणि दुपारपर्यंत ते पाळलं गेलं. ड्रमभर पाणी, घमेलंभर माती आणि ओली गोणपाटं चुलींच्या कडेला. चुलीपाशी नायलॉनची साडी, जॅकेट नाही. सुती कपडे, पदर खोचलेला. भांडं उतरवायला कोरडी फडकी. ओल्या फडक्यातून वाफ लगेच हाताला लागते, हे पोरींना आधी दाखवून मगच उतरवायला दिलं. पातेल्यांना बाहेरून माती-राखेचा लेप, काजळी घासायला नको म्हणून.

साडेपाच: खपली चढवली. गूळ दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच. आधी घातला तर दाणा निबर राहतो, मग कितीही शिजवा. आत्या पळी घेऊन बसली ती उठलीच नाही.

सात: चरावर भज्जी. आधी तूर, वाल, वाटाणा, सोलाणे पाण्यात शिजवले. आंबट कडधान्याला शिजू देत नाही, म्हणून चिंच आणि ताक शेवटी. पालेभाज्या, गाजर, वांगी, शेंगा, बोरं. मग ताकात कालवलेलं बेसन धारेने सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, कारण बेसन तळाशी बसून करपतं आणि तो वास चाळीस पानांना पुरतो. भल्या मोठ्या उलथन्याने काकूंनी आलटून पालटून ढवळलं. शेवटी लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी, तुराट्यांच्या चढत्या जाळावर.

साडेआठ: उंडे. पातेल्याच्या तळाशी पाणी, त्यावर ज्वारीच्या ताटांचे तुकडे आडवे-उभे, त्यावर तीळ घातलेले बाजरीचे उंडे. ताटांचा गोडसर वास उंड्यांना लागला.

दहाच्या सुमारास वारा फिरला आणि चराचा धूर थेट भाकऱ्यांवर येऊ लागला. विहिरीवरचा जुना पत्रा आणून दोन पहारींच्या आधाराने आडोसा केला. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करूया असं कुणी तरी म्हणालं. चुलीशेजारी कडबा नको, हे तात्यांनी ठणकावून सांगितलं. पत्र्याने काम झालं, भाकरीकडची झळही जरा कमी झाली.

अकरा: खिरीत गूळ, वेलदोडा. लाकडं सगळी ओढून घेतली आणि पातेलं नुसत्या आरावर ठेवलं. दूध वाढताना, वेगळं, ताटात. उकळत्या गुळात घातलं तर फाटतं.

पूजेची कोप (खोपटी) सकाळीच उभी राहिली होती, कडब्याच्या पाच पेंढ्यांची, वर शाल. आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव. नैवेद्याच्या पानातून वाफ निघत होती. आजी पानाकडे बघत उभी राहिली, मग भज्जीच्या वाटीवरून हात फिरवून म्हणाली, "आज देवाला ऊन-ऊन मिळालं." मला त्यापुढे काही बोलता आलं नाही.

तात्या पुढे, दादा मागे, "ओलगे, ओलगे" म्हणत आंबिल आणि भज्जी रानभर शिंपडून आले. मग पंगत. चुलीजवळच, म्हणजे भाकरी तव्यावरून पानात. आंबिल केळीत गार आणि नीट आंबलेलं. भज्जी दोनदा मागितली नाही असा माणूस नव्हता. बायका पंगतीत मधोमध बसल्या आणि दुसऱ्या पंगतीला वाढायला पुरुष उठले.

संध्याकाळी गोवरीवर बोळक्यातलं दूध उतू घातलं. ते पूर्वेला उतू गेलं, सगळ्यांना बरं वाटलं. मग हेंडगा. कडब्याची चूड पेटवून पोरं रानाच्या कडेने पळाली, पण फक्त ओल्या गव्हाच्या बांधाने. तुरीकडच्या बांधावर काका आणि मी पाण्याच्या बादल्या घेऊन उभे होतो.

३१ डिसेंबर, मंगळवार

चुली गार झाल्यावर राख चाळली. बारीक राख भांडी घासायला आणि बियाण्यात घालायला, उरलेली उकिरड्यावर. लेपामुळे पातेली पाण्यानेच निघाली. जळण निम्मं उरलं; मोठ्या पातेल्यांसाठी चर तीन दगडांपेक्षा फार कमी लाकूड खातो, हे आता डोळ्यांनी पाहिलंय. आत्या परत जाताना चुलीची मापं लिहून घेऊन गेली.

५ जानेवारी २०२५, रविवार

चुलीला पोतेरं दिलं. वैलामागची चीर पुन्हा दिसली, ती खरवडून ओली केली आणि भुसा घातलेल्या पांढरीने भरली. नुसत्या चिखलाने ती धरत नाही. खिरीचे तीन दगड काढून तिथेही मातीची चूल घालायची, म्हणजे आर जास्त वेळ टिकेल. तात्या पत्र्याच्या आडोशाला पाय वेल्ड करून आणणार आहेत.

आता भोगी, १३ तारखेला. त्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेचे सातही नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, अर्धं घर तिकडे असणार. तेव्हा शेतात दहा-बारा माणसं, फक्त दोन तोंडांची चूल, चर नको. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. भाकरीला मी बसणार, काकू शेजारी. बाजरीत विरी ज्वारीपेक्षाही कमी, म्हणून पीठ त्याच दिवशी सकाळी दळून न्यायचं. जाळावर पुण्याचा भाचा येतो म्हणालाय. त्याला शनिवारीच बोलावलंय, लाकडं साळायला.